तिलवाऱ्याची चाळीस चित्रं

विनता वैरागडेने ज्या फोटोवर आपली पीएच.डी. उभी केली, तो फोटो तिच्या वडिलांच्या मते बिघडलेला होता.

तिचे वडील दिवाकर वैरागडे जबलपूरच्या गाड्यांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मूळचे वर्ध्याकडचे, नोकरीसाठी इकडे आले आणि महाराजपुरात घर बांधून इथलेच झाले. चौतीस वर्षं त्यांनी ट्रकचे सांगाडे कागदावर उतरवले. रेघ म्हणजे रेघ, तिच्यात केसाएवढा फरक पडलेला त्यांना खपत नसे. त्र्याऐंशी सालच्या संक्रांतीला ते सगळ्यांना घेऊन नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या घाटावर गेले होते, तेव्हा मित्राचा कॅमेरा मागून नेला होता. आत रंगीत रोल. त्या रोलमधला हा एकच फोटो धड आला. वाळूवर त्यांची बायको पुष्पा बसलेली, तिच्या मांडीवर लाल स्वेटर घातलेली चार वर्षांची विनता, शेजारी दिवाकररावांची आई भानुमती पदर सावरत असलेली. पुढ्यात पितळी डबा आणि तांब्या. मागे दोन नावा, आणि त्यांच्याही मागे धुक्यात अर्धा विरलेला जुना पूल.

पण सकाळचा सूर्य पाठीशी होता, आणि ते काही दिवाकररावांच्या ध्यानात आलं नाही. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, वाळूवर, त्यांचीच सावली पडली होती. लांबट, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, डोक्याच्या जागी कॅमेऱ्याचा चौकोन.

"इतकं सारं नीट केलं अन् फ्रेममधी मीच घुसलो," ते म्हणायचे. फोटो कधी कोणाला दाखवायची वेळ आली तर त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून दाखवायचे.

तीस वर्षांत फोटोचे रंग उडाले. निळा आधी गेला, मग हिरवा. तांबूस तेवढा राहिला. सकाळचा फोटो, पण आता त्यात कायमची संध्याकाळ झाली होती. विनताला तो तसाच आवडायचा.

तिचं संशोधन नावाला जड होतं, पण सांगायला सोपं. संगणकाकडून फोटोचं चित्र करून घ्यायचं. कोणी रंगात कुंचला बुडवून काढल्यासारखं. तिचा प्रोग्रॅम आधी फोटो पार धूसर करून घ्यायचा आणि त्यावरून जाड कुंचल्याचे फटकारे मारायचा. मग आपलं काम मूळ फोटोशी ताडून पाहायचा. जिथे फार फरक दिसेल तिथे त्याहून बारीक कुंचला, तिथेही भागलं नाही तर आणखी बारीक. फटकारा वस्तूची कड धरून चालायचा आणि कड वळली की वळायचा. नावेच्या काठाने लांब तपकिरी ओढ यायची, पाण्यावर आडवे पट्टे पडायचे, पदर घडीघडीने खाली उतरायचा. पहिल्यांदा ते पडद्यावर उमटताना पाहिलं तेव्हा विनता श्वास रोखून बसली होती.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. संगणकाला सगळं सारखंच. माणसाचा डोळा आणि वाळूतला खडा, दोन्ही तो तितक्याच आस्थेने कोरायचा. खरा चित्रकार असं करत नाही. त्याचा जीव जिथे गुंततो तेवढंच तो बारकाईने काढतो, बाकीचं सोडून देतो. मग संगणकाला हे कोण सांगणार? विनताने ठरवलं, बघणाऱ्या माणसांनाच विचारायचं.

त्यासाठी तिने एक युक्ती काढली. पडद्यावर फोटो यायचा, पण थंडीत काचेवर वाफ धरावी तसा. काही ओळखू यायचं नाही. माउस हलवला की बाण जिथे असेल तिथे रुपयाएवढी जागा स्वच्छ व्हायची, पुढे सरकला की मागे पुन्हा वाफ धरायची. ज्याला जे बघायचं ते त्याने पुसत पुसत बघावं, मन भरलं की बटण दाबावं. कोण कुठे किती वेळ थांबलं त्याची नोंद संगणक ठेवायचा. मग त्या नोंदीवरून चित्र. जिथे नजर रेंगाळली तिथे सर्वांत बारीक कुंचला, जितकी जास्त रेंगाळली तितका आजूबाजूलाही; जिथे गेलीच नाही तिथे नुसते जाड, ओले ढग.

दोन हजार नऊच्या डिसेंबरात तिने ती शिकवायची त्या कॉलेजात, कॉलनीत, नात्यागोत्यात मिळून चाळीस जणांना त्या फोटोसमोर बसवलं. नावं लिहायची नाहीत, फक्त क्रमांक, असा तिच्या मार्गदर्शक मीरा मॅडमचा कडक नियम. कोणता क्रमांक कोणाचा हा कागद काम झाल्यावर तिने फाडून टाकला. त्या चाळिसांत आईही होती. तेव्हा ते विनताला विशेष वाटलं नव्हतं.

त्यानंतर सोळा महिन्यांनी पुष्पाबाई गेल्या. चार दिवस छातीत दुखायचं, पाचव्या दिवशी संपलं.

दिवाकरराव रडले नाहीत आणि बोललेही नाहीत. पुष्पाबाईंचा विषय निघाला की उठून नळ बंद आहे का ते बघायला जायचे. आईबद्दल घरात कोणी बोलेना, तशी ती घरातून हळूहळू पुसट होऊ लागली, आणि या गोष्टीची विनताला मनातून भीती वाटायची.

मग दोन हजार बाराच्या डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी ते तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. पडद्यावर तिलवारा रंगत होता. पूल झाला होता, नावा होत होत्या.

"हे आपलंच का गं?"

"हो. तुमचाच फोटो."

"पाणी असं थापल्यासारखं काहून दिसून राहिलं?"

"या माणसाने पाण्याकडे बघितलंच नाही, म्हणून." तिने त्यांना खुर्ची दिली आणि सगळं समजावून सांगितलं. वाफ, माउस, नोंद, कुंचला. ते मान हलवत ऐकत होते. कारखान्यात नवीन यंत्र आलं की असेच ऐकत असतील.

"म्हणजे चाळीस जणांची चाळीस चित्रं."

"हो."

"अच्छा." मग पडद्याकडेच बघत, "तुझ्या आईनं पण केलं होतं ना हे? इथंच बसली होती. मी पेपर वाचत होतो बाहेर."

विनताच्या हातातला माउस थांबला. "केलं होतं. पण त्यातलं तिचं कोणतं ते आता मलाही ठाऊक नाही, बाबा. नावं ठेवली नाहीत."

"तुला नसंल ठाऊक," दिवाकरराव म्हणाले. "मला ओळखू येईल."

दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजातून चाळीसही चित्रं छापून आणली आणि प्रत्येकाच्या पाठीमागे क्रमांक लिहिला. दिवाकररावांनी माळ्यावरचा आपला जुना ड्रॉइंग बोर्ड काढला, पुसला, आणि व्हरांड्यात उन्हाच्या बाजूला मांडला.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात एक वेगळीच हवा होती. कॉलेजला सुट्ट्या होत्या. जेवणं झाली की दिवाकरराव चष्मा पुसून बोर्डाशी बसत आणि एकेक चित्र पुढे घेत. एकात पूल असा लखलखीत की त्यावरून चालत जावं, आणि माणसं मात्र पुलाखालच्या धुक्याचे गोळे. एकात फक्त नावा. एकात चार वर्षांच्या विनताचे दोन डोळे, आणि त्या डोळ्यांभोवती सारी नर्मदा विरघळलेली. कोणाला भानुमतीच्या हातावरचं गोंदण दिसलं होतं, कोणाला आभाळाच्या कडेला एक पक्षी, जो दिवाकररावांना तीस वर्षांत दिसला नव्हता.

"हा होता काय तिथं?" त्यांनी मूळ फोटो भिंगाखाली धरला. होता.

विनता शेजारी पाय पसरून बसे. हिवाळ्यातलं ऊन गुडघ्यांवरून हळूहळू वर चढत येई. चाळीस माणसं एकाच सकाळी तिलवाऱ्याला गेली होती आणि प्रत्येकाची सकाळ वेगळी होती, या विचाराने तिचे डोळे जड होत. एकदा तिथेच डुलकी लागली तर तिला दिसलं, ती घाटावर चालते आहे आणि वाळू पायाखाली रंगासारखी ओली आहे. सगळं जग फटकाऱ्यांचं. माणसं फटकाऱ्यांची, त्यांचे आवाजही लांबट, वळत येणारे. दूर आई बसलेली. तिला चेहरा नव्हता, नुसता एक गहूवर्णी ढग. पण हात स्पष्ट होता, बांगडीसकट, आणि तो तिला ये म्हणत होता. ती चालतच राहिली. जागी झाली तेव्हा ऊन भिंतीवर गेलं होतं आणि दिवाकरराव म्हणत होते, "हे नाही. हे तर बिलकुल नाही."

त्यांची रीत सरळ होती. पुष्पाने काय बघितलं असेल? भांडी. मुलगी. सासूचा पदर खांद्यावर नीट आहे की नाही. या हिशेबाने ते एकेक चित्र बाजूला काढत होते. एकतीस क्रमांकाचं हाती आलं तेव्हा त्यांना हसूच फुटलं.

"हे बघ. हा कोण शहाणा आहे?"

त्या चित्रात चेहरे म्हणजे ओझरते ठिपके होते. पूल नाही, नावा नाहीत. खालच्या कोपऱ्यातली सावली मात्र अशी काढलेली की बघत राहावं. वाळूचा कण न् कण, कोपरांच्या कडा, कॅमेऱ्याच्या चौकोनाशी पडलेली उजेडाची किनार. केसासारखे बारीक फटकारे त्या सावलीभोवती गोल फिरत गेले होते.

"साऱ्या फोटोत त्याला माझी चुकीच तेवढी दिसली!" म्हणून त्यांनी ते नको असलेल्या गठ्ठ्यावर टाकलं.

शेवटी सव्वीस क्रमांक उरला. त्यात पितळी डब्याची चमक होती, भानुमतीचा पदर होता, आणि विनताच्या लाल स्वेटरची वीण इतकी उठून आली होती की टाके मोजावेत.

"हीच," दिवाकरराव म्हणाले. "हा स्वेटर तिनंच विणला होता. दुसरं कोण कशाला टाके बघत बसंल?"

त्यांनी ते चित्र पलंगाशेजारच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याला टेकून ठेवलं. दोन दिवसांनी विनताने बघितलं तर तांब्या बदललेला, पण चित्र तिथेच. तिला बरं वाटलं. खरं काय आणि खोटं काय कळायला मार्ग नव्हता, मग हेच खरं असू दे, असं तिने मनाशी म्हटलं.

जानेवारीत ती प्रबंधाचं शेवटचं प्रकरण घेऊन सिव्हिल लाइन्सला मीरा मॅडमच्या बंगल्यावर गेली. मॅडमनी चहा पिता पिता पानं चाळली आणि विचारलं, "बघता बघता कोणी मध्येच उठून गेलं असेल तर? फोन आला, दार वाजलं. बाण एका जागी पडून राहणार आणि तुझा प्रोग्रॅम समजणार की माणूस तिथेच बघतोय."

विनताचा चेहरा उतरला. हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

घरी येऊन तिने चाळीसही नोंदी उघडल्या आणि बाण फार वेळ न हललेल्या जागा शोधायला लागली. बहुतेक ठिकाणी सात सेकंद, दहा सेकंद. एका नोंदीत मात्र तब्बल अकरा मिनिटं बाण हललाच नव्हता. क्रमांक एकतीस.

तिने वेळ बघितली. रविवार, सकाळी आठ वाजून बारा मिनिटं, घरचा संगणक. बाकी साऱ्यांना तिने संध्याकाळी बसवलं होतं. रविवारी सकाळी एकच माणूस बसलं होतं.

आणि मग तिला ते दिसलंच, वाफ पुसून काढल्यासारखं. आई या खुर्चीत बसली आहे, डावा हात मांडीवर, उजव्या हाताने माउस असा धरलेला की जणू तो पळून जाईल. "किती गमतीचं आहे गं," म्हणते आहे. मग स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास. "अगं बाई!" म्हणून आई उठली. दारातून वळून म्हणाली, "हात लावू नका हं कोणी, माझं व्हायचं आहे." परत आली तेव्हा हाताला जळक्या दुधाचा वास होता. बसली आणि बटण दाबून मोकळी झाली.

सव्वीसची वेळही विनताने बघितली. संध्याकाळी पाच, कॉलेजची प्रयोगशाळा. आई त्या प्रयोगशाळेत कधी गेलीच नव्हती.

एकतीसचं चित्र तिने पडद्यावर उघडलं आणि त्या सावलीकडे बघत बसली. आतून काहीतरी भरून येत होतं, आणि त्याच वेळी तिचं संशोधकाचं डोकं सांगत होतं, अकरा मिनिटं वजा कर. तिने वजा केली. उरली पावणेतीन मिनिटं. प्रोग्रॅमला सांगितलं, पुन्हा काढ.

जाड फटकारे आले, मग मध्यम, मग बारीक. सावली वाळूत मिसळून गेली. उरलेल्या चित्रात कुठेच फारसं काही उठून नव्हतं. आईची नजर सासूवर थोडी, मुलीवर थोडी, डब्यावर, नावांवर, पुलावर थोडी थोडी. पंगतीत वाढत जावं तशी. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. चाळीस चित्रांत इतकं सपाट दुसरं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने वडिलांना अर्धंच सांगितलं.

"बाबा, आईचं चित्र सव्वीस नव्हतं. एकतीस होतं. वेळ सापडली मला."

"कोणतं एकतीस?"

तिने गठ्ठ्यातून ते काढून त्यांच्या हातात दिलं. दिवाकररावांनी ते उलटून पाठीमागचा क्रमांक बघितला. मग व्हरांड्यात जाऊन बसले. दिवा लावायला विसरले. विनता आत कणीक मळत होती; तिने दोनदा दारातून बघितलं. चित्र त्यांच्या मांडीवर होतं आणि ते त्याच्यावर बोट फिरवत होते, कोपराच्या कडेने, जसा फटकारा गेला होता तसं.

जेवताना एवढंच म्हणाले, "मी हसलो होतो याला."

त्यानंतरचा आठवडा विनताला जड गेला. वडील बदलले होते. सकाळी दाढी करताना गुणगुणत. फाटकाशी उभं राहून शेजारच्या शशिकांतजींशी हिंदीत हवापाण्याच्या गप्पा मारत. टेबलावर तांब्याला टेकून आता एकतीस होतं. कोणाचं काय बिघडत होतं? पण कॉलेजच्या वाटेवर, वर्गात फळ्यावर लिहिताना, तिला ते सपाट चित्र आठवे. आईने खरंच जे बघितलं, ते त्यात होतं. आईचं खरं आपण फाइलमध्ये दडपून ठेवलं आणि उतू गेलेलं दूध बाबांच्या उशाशी ठेवलं, असं तिला वाटत राही. शिवाय प्रबंधात ती अकरा मिनिटं वजा करावीच लागणार होती, आणि छापून आलं की दिवाकरराव तो शब्दन्‌शब्द वाचणार होते.

शनिवारी दुपारी तिने चहा केला, दोन्ही चित्रं घेतली आणि बाहेर आली.

"बाबा, एक सांगायचं आहे. राग मानू नका."

तिने सगळं सांगितलं. दूध, उठून जाणं, पडून राहिलेला बाण, अकरा मिनिटं. मग नवं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. "खरं हे आहे. आई सावलीकडे बघत नव्हती. आई तिथं नव्हतीच."

दिवाकररावांनी सपाट चित्र उचललं. नाकाजवळ नेलं, लांब धरलं.

"हो," ते म्हणाले. "ही पण तीच आहे. साऱ्यांना सारखं." मग त्यांनी दुसरं चित्र उचललं. "अन् ती उठली तेव्हा बाण इथं होता?"

"हो. पण उठताना हात घसरला असेल. मुलीच्या चेहऱ्यावरून सरळ खाली आलाय बाण, दोन सेकंदांत. त्याला काही अर्थ लावता येत नाही."

"नसंल येत."

चहावर साय धरली. फाटकाबाहेरून भाजीवाल्याची हाक लांबत लांबत गेली.

"विनू," दिवाकरराव हळूच म्हणाले, "ती काही करत असली अन् मधीच उठावं लागलं, की हातातलं असंल ते माझ्यापाशी ठेवून जायची. तिच्या मांडीवर तू झोपली असली तर तुला पण. विणकाम, चष्मा, देवळात गेलो तर चपला पण. 'अहो, जरा धरा' म्हणायची अन् चालली जायची. मग घंटाभर मी धरून बसलो आहे." ते हसले, आवाज मात्र जरा फाटला. "तुझी मशीन म्हणते ती तिथं नव्हती. बरोबर आहे मशीनचं. तू लिही तसं, वजा कर. पण मला हे राहू दे."

विनताने मान हलवली.  वडिलांची समजूत घालायला ती आली होती, आणि आता आपलाच हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवून ती लहान मुलीसारखी रडत होती. त्यांनी तिला रडू दिलं. नळ बघायला उठले नाहीत.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हे पडद्यावर हळूहळू होतं ना, तसं दाखव बरं एकदा. पयलेपासून."

तिने लॅपटॉप बाहेर आणला. ऊन पडद्यावर येत होतं, म्हणून दोघांनी डोक्यावरून एक चादर घेतली. निळसर अंधारात पहिले जाड फटकारे पडू लागले. काहीच ओळखू येत नव्हतं. तांबूस, करडं, तांबूस. मग त्या करड्यातून नदी वेगळी झाली.

"त्या दिवशी परतीची बस सुटली आपली," दिवाकरराव चादरीखाली बोलायला लागले. "तुला काय आठवणार? नागपूर रोडनं पायी निघालो. माझी आई पुढं, तिला कोण थांबवणार. पुष्पाच्या चपलेचा अंगठा तुटला. मी म्हटलं, माझ्या घाल. तर म्हणते, तुमचे पाय नाजूक, टेबलाखालचे आहेत. अन् चालली अनवाणी, वरून हसून राहिली. मागून ऊस भरलेला ट्रक आला. आपल्याच कारखान्यात बनलेला ट्रक. त्याच्या पुढच्या आसाचा नक्षा मी काढलेला. मी हात दाखवला. ती म्हणे, थांबंल काय तो तुमच्यासाठी? अन् तो थांबला ना..."

पडद्यावर कुंचला बारीक होत गेला. लाल स्वेटरचा पहिला ठिपका पडला. विनताने आईचं हे हसणं कधी ऐकलं नव्हतं, या चपलेबद्दलही नाही. तिने विचारलं, "मग? पुढे कोण बसलं?"

"पुढं माझी आई अन् तू. आम्ही दोघं मागं, उसावर," दिवाकरराव म्हणाले, आणि सांगत राहिले.